कापड बदलायचे कोठे?

दिल्लीपासून साठेक किलोमीटरवर, उत्तर प्रदेशातील हापुड जिल्ह्यात काठीखेडा नावाचे गाव आहे. 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' हा २६ मिनिटांचा माहितीपट या गावात चित्रित झाला. रायका झेहताबची यांनी दिग्दर्शित केलेल्या या पटाला २०१९ साली लघु माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि मासिक पाळीसारखा विषय त्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. लॉस एंजेलिसमधील एका शाळेतील विद्यार्थिनी आणि त्यांच्या शिक्षिका यांनी पैसे जमवून या गावात पॅड बनवण्याचे यंत्र बसवले. ते यंत्र आणि ते चालवू लागलेल्या बायका ही पटाची कथा. इंग्रजीत 'पीरियड' म्हणजे पाळी आणि पूर्णविरामही. पाळी आली म्हणून मुलीच्या शिक्षणाला पूर्णविराम मिळू नये, असा नावाचा आशय आहे. (आपल्या शाळांत पीरियड म्हणजे तास. त्या अर्थाकडेही आम्ही शेवटी येणार आहोत.)

अनेक शाळांतून हा पट दाखवला जातो. शिक्षक-प्रशिक्षणातही त्याचा उपयोग होतो. म्हणून त्याच्याकडे शिक्षकाच्या आणि विज्ञानाच्या नजरेने जरा बारकाईने पाहावे, असे आम्हांला वाटले.

प्रथम पटाचे गुण. कॅमेरा गावावर दया दाखवत नाही. पाळीचे नाव काढताच मुली ओढणीत तोंड लपवून हसतात. मुलगे तो कसला तरी आजार असावा, असे सांगतात. एक वृद्धा त्याला खराब रक्त म्हणते आणि बाकीचे देवावर सोपवते. वर्गात पाळी म्हणजे काय हे सांगायला एक मुलगी उभी राहते आणि तिच्या तोंडून शब्दच फुटत नाही. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. आपल्यापैकी ज्यांनी हा धडा शिकवला आहे, किंवा न शिकवता पुढे ढकलला आहे, त्यांना ते दृश्य अनोळखी वाटणार नाही. पुढे यंत्रावर काम करणाऱ्या बायका स्वतःच्या हातची कमाई मोजतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येते ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही. पोलिसात भरती होण्याची तयारी करणारी एक तरुणी या कमाईच्या आधाराने घरापासून सुटू पाहते. एवढ्यासाठी तरी पट पाहावा.

आमचा आक्षेप आहे तो पटाच्या तर्कावर. पटात एक तरुण स्त्री शाळा का सोडली ते सांगते. पाळी सुरू झाल्यावर कापड बदलायला तिला फार लांब जावे लागे. आसपास पुरुष असत, ते पाहत असत. वर्षभर तिने तसेच रेटले आणि मग शाळा सोडली. ही या पटातील सर्वांत महत्त्वाची साक्ष आहे, आणि पट ती ऐकून पुढे निघून जातो. ती बाई असे म्हणत नाही की माझ्याजवळ वापरायला काही नव्हते. तिला कापड होते. तिला आडोसा नव्हता, पाणी नव्हते, जवळपास जागा नव्हती. तिच्या या तक्रारीवर पट जे उत्तर देतो ते पॅडचे यंत्र. पण पॅडसुद्धा बदलावेच लागते! शाळेपासून तितकेच लांब जाऊन, त्याच पुरुषांच्या नजरेखालून.

ही चूक एका पटाची असती तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पाळी, शाळा आणि पॅड यांची जी साखळी गेल्या पंधरा वर्षांत आपल्या बोलण्यात रुळली आहे, तिच्यातच ही उडी आहे. पॅड नाही म्हणून मुलगी शाळेत येत नाही, शाळेत येत नाही म्हणून शाळा सोडते, म्हणून पॅड द्या. साखळीची प्रत्येक कडी तपासून पाहू.

वर्षानुवर्षे दोन आकडे भाषणांतून ऐकू येतात: भारतातील केवळ १२ टक्के स्त्रिया पॅड वापरतात, आणि २३ टक्के मुली पाळी सुरू झाल्यावर शाळा सोडतात. दोन्ही आकडे २०१० साली नील्सन या बाजारसंशोधन संस्थेने केलेल्या एका पाहणीतून आले. पाहणीत हजाराच्या थोड्या वर स्त्रिया आणि दीडशेच्या आसपास स्त्रीरोगतज्ज्ञ होते. देशात पाळी येणाऱ्या स्त्रिया ३५ कोटींच्या वर, असे तेव्हा सांगितले जाई. हजार जणींचा नमुना नीट निवडलेला असेल तर तो निरुपयोगी नसतो, हे आम्ही जाणतो. पण एवढ्या आधारावर उभा असलेला आकडा दहा वर्षे प्रत्येक भाषणात मूळ न सांगता फिरत राहावा, हे बरे नव्हे. २०१५–१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४२ टक्क्यांनी पॅड वापरत असल्याचे सांगितले. वयोगट वेगळा असल्याने ही सरळ तुलना होत नाही, तरीही १२ आणि ४२ यांतील अंतर विचारात पाडणारे आहे.

आता गैरहजेरी. २०१६ साली भारतातील १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून ९७ हजारांहून अधिक मुली होत्या. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश मुली पाळीच्या काळात शाळेत जात नाहीत, असे आढळले. दुसरीकडे एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळमधील चितवन येथे १९८ मुलींवर केलेला प्रयोग २०११ साली छापून आला. चिठ्ठ्या टाकून काही मुलींना पाळीचे कप दिले, काहींना दिले नाहीत, आणि हजेरी तपासली. पाळीमुळे बुडलेली शाळा १८० दिवसांच्या वर्षात सरासरी ०.४ दिवस, म्हणजे अर्धा दिवसही नाही, अशी निघाली. ज्यांना कप मिळाला त्यांची हजेरी न मिळालेल्यांपेक्षा वाढली नाही.

एकीकडे चौथा हिस्सा मुली, दुसरीकडे वर्षाला अर्धा दिवस. यांतले खरे कोणते? विज्ञानशिक्षकाने येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे असा हा प्रश्न आहे, कारण दोन्ही खरे असू शकतात. 'पाळीत शाळा बुडते का?' या प्रश्नाला जिची वर्षातून एकदा बुडाली तीही 'हो' म्हणते आणि जिची दर महिन्याला तीन दिवस बुडते तीही. हजेरीपट मात्र दिवस मोजतो. शिवाय चितवनचा निष्कर्ष काही मोजक्या शाळांचा आहे. तो मेळघाटाला किंवा मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि हजेरीपटावर 'ह' लागलेली मुलगी दिवसभर शेवटच्या बाकावर, फळ्यापाशी बोलावू नये म्हणून मान खाली घालून बसलेली असेल, तर ते पट सांगत नाही. आम्हांला यातून एवढेच घ्यायचे आहे: साधन दिले की हजेरी आपोआप वाढते, ही समजूत चितवनच्या प्रयोगात टिकली नाही.

पाळीत शाळा बुडण्याचे एक मोठे कारण तर कोणत्याही साधनाने दूर होणारे नाही. ते म्हणजे पोटात येणाऱ्या कळा. गर्भाशयाचे अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि दुखते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनच तयार होऊ देत नाहीत, म्हणून ती उपयोगी पडतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यायची. गरम पाण्याच्या पिशवीनेही आराम पडतो. 'नाटके करते' हा शेरा मात्र शरीरशास्त्राला धरून नाही.

मग जागेचे काय? तिचा परिणाम मोजला गेला आहे. अंजली अडुकिया यांनी २००३ च्या सुमारास भारतभर झालेल्या शालेय शौचालय-बांधणीचा पटसंख्येवर काय परिणाम झाला हे पाहिले (त्यांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला). लहान वर्गांत कोणतेही शौचालय आले तरी मुलामुलींची पटसंख्या वाढली. वयात आलेल्या मुलींची मात्र मुलींसाठी स्वतंत्र शौचालय झाले तेथेच वाढली. सामाईक शौचालयाने त्यांना फारसा फरक पडला नाही. यात पाळीचा वाटा किती आणि एकूण सुरक्षिततेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. काठीखेड्याच्या त्या बाईनेही ते वेगळे काढलेले नाही.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी प्रत्येक सरकारी शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय वर्षभरात बांधण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. चार लाखांवर शौचालये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यांपैकी सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या शौचालयांची नमुना-पाहणी केली. तिचा अहवाल २०२० साली संसदेत आला, आणि त्यानुसार पाहिलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के शौचालयांत आत वाहते पाणी नव्हते. सुमारे ३० टक्के वापरातच नव्हती. इमारत आहे, पाणी नाही. ज्या शाळेत मुलींच्या शौचालयाची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, तेथे तर शौचालय 'आहे' असे लिहून देणे हा शब्दांचा खेळ झाला.

आता साधनांकडे वळू, कारण विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखे येथे पुष्कळ आहे. संपूर्ण पाळीत जाणारे रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजतात. मुलींच्या मनातली कल्पना याच्या कित्येक पट असते, आणि भीतीही. हे रक्त 'खराब' नसते. गर्भ रुजण्यासाठी तयार झालेले आणि आता लागणार नसलेले अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडते, एवढेच. वास येतो तो बाहेर आल्यावर जीवाणूंची त्यावर क्रिया होते म्हणून. तेव्हा पॅड असो की कापड, ते चार ते सहा तासांनी बदलायला हवे. आता हिशेब करा. मुलगी सकाळी नऊला घरून निघते, एस.टी.ने किंवा पायी, आणि सहाला परतते. नऊ तास झाले. एकदा तरी शाळेत बदलल्यावाचून गत्यंतर नाही.

पटात जे पॅड बनते त्याचा गाभा लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा असतो. हे यंत्र कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम् यांचे. सुरुवातीला ते कापूस भरून पॅड करत होते आणि ती टिकत नव्हती. बाजारातल्या पॅडमध्ये पाइनसारख्या झाडांचा लगदा असतो हे त्यांना फार उशिरा कळले. यंत्राच्या पायऱ्या चारच: लगदा पिंजणे, साच्यात दाबणे, वर आवरण घालून कडा बंद करणे, आणि अतिनील किरणांखाली ठेवणे. तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत द्रव केशाकर्षणाने चढतो. पण दाबला की काही सोडतोही. म्हणून महागड्या पातळ पॅडमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण मिसळतात. ते फुगून द्रवाचा गोळा धरून ठेवतात.

याचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. पातळ पॅड कापून आतले पांढरे कण दोन ग्लासांत सारखे घ्यावेत. एकात साधे पाणी, दुसऱ्यात अर्ध्या लिटरला पाऊण चमचा मीठ घातलेले पाणी, तेवढेच, थोडे थोडे ओतत जावे. साध्या पाण्यात कण पुष्कळच अधिक फुगतात. कारण परासरणाचे: बाहेर क्षार असले की आत शिरणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो. रक्तात क्षार असतातच, तेव्हा साधे पाणी ओतून पॅडची क्षमता दाखवणारे कोणतेही प्रात्यक्षिक ग्राहकाची दिशाभूल करते. हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे. हाताशी जुने सुती कापडही ठेवावे. जुने कापड नव्यापेक्षा चांगले शोषते, कारण खळ आणि तंतूंवरचे मेण धुण्यात निघून गेलेले असते. म्हणजे आजीची निवड अडाणीपणाची नव्हती.

कापड हरते ते वाळवण्याच्या दोरीवर. ते थंड पाण्याने (गरम पाण्याने रक्तातील प्रथिने साकळून डाग बसतात) आणि साबणाने धुऊन उन्हात वाळवायला हवे. घरोघरी ते परकराखाली, पोत्यामागे, न्हाणीच्या कोपऱ्यात ओलसर राहते. ओडिशात रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरातल्या घरात कापड वाळवणाऱ्या आणि ते न्हाणी-शौचालयात लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. दोष येथे सुताचा नाही, लपवण्याचा आहे.

आणि आमचे मापदंड नेमके हेच पाहत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'पाळीच्या काळात स्वच्छ साधन वापरणाऱ्या' १५ ते २४ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. ग्रामीण भागात ७२.३. वाढ आनंदाचीच आहे. पण 'स्वच्छ' कशाला म्हटले? बाजारातील किंवा स्थानिक पॅड, टॅम्पॉन, आणि नंतरच्या फेरीत कप. कापड त्यात नाही. धुऊन उन्हात वाळवलेले कापड वापरणारी येथे अस्वच्छ ठरते, आणि एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवणारी स्वच्छ. वस्तूचे नाव विचारणे सोपे, सवय मोजणे अवघड. म्हणून वस्तू मोजली. मोजले जाते तेच मग योजनेत वाटले जाते. केंद्राने २०११ साली आशा सेविकांमार्फत सहा रुपयांना सहा पॅड दिली, महाराष्ट्राने २०१८ साली अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतील मुलींना पाच रुपयांना आठ. अशा योजना नकोत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. डागाची भीती कमी झाली की मुलगी मोकळी वावरते, तिला पॅड आवडते, आणि तिच्या आवडीला मान हवा. परंतु पॅडबरोबर शाळेकडे एक नवे काम येते, त्याचा विचार योजनेत क्वचितच असतो.

समजा शाळेत शंभर मुलींना पाळी सुरू झालेली आहे. पाळी पाच दिवसांची आणि चक्र अठ्ठावीस दिवसांचे धरले, तर कोणत्याही दिवशी सरासरी अठरा मुली पाळीत असणार. प्रत्येकीने शाळेत एकदा पॅड बदलले तर दिवसाला अठरा, आणि चोवीस दिवसांच्या शालेय महिन्यात चारशेहून अधिक वापरलेली पॅड. ती कोठे जातात? २०१६च्या घनकचरा नियमांत ती कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देण्याची सोय होती. पण खेड्यात कचरा न्यायला गाडी येते कोठे? मग ती शौचालयाच्या भांड्यात जातात आणि ते तुंबते, किंवा भिंतीवरून मागच्या ओढ्यात. खाली प्लॅस्टिकचा थर असल्याने कुजत नाहीत. अंगणात पेटवली तर अर्धवट जळून विषारी धूर करतात. माहितीपटात बायका यंत्रातून पॅडमागून पॅड काढतात ते दृश्य सुंदर आहे, पण त्या पॅडचा पुढचा प्रवासही तितक्याच सावकाशीने दाखवायला हवा होता.

राहिला तो वर्गातल्या मौनाचा प्रश्न. मगाशी सांगितलेल्या १३८ अभ्यासांच्या आढाव्यात, पाळी येण्यापूर्वी तिच्याविषयी माहीत असलेल्या मुली निम्म्याहून थोड्या कमीच निघाल्या. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ऋतुचक्र संप्रेरकांसह, नीट आकृती देऊन समजावले आहे. पुस्तक चांगले आहे, दोष वेळेचा. आपल्याकडे पाळी साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते, म्हणजे सातवी-आठवीत. पहिल्यांदा रक्त पाहून आपल्याला काहीतरी भयंकर झाले असे वाटलेल्या मुलीला त्याचे कारण दोन-तीन वर्षांनी, परीक्षेत गुण मिळवण्यासाठी समजते. तोवर तिला आई-मावशीकडून 'बाहेरची', 'कावळा शिवला', 'अडचण' हे शब्द आणि त्यांच्याबरोबरचे नियम पाठ झालेले असतात. हा मजकूर सहावीत हवा, आणि तो मुलग्यांसमोरही हवा. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन दार लावून सांगितले की मुलगे त्यातून एकच गोष्ट शिकतात: हे लपवायचे असते.

पट अवघा २६ मिनिटांचा आहे, आणि आपला तास पस्तीस मिनिटांचा. सबंध पट एकदम दाखवून टाळ्या घेण्यापेक्षा एका तासाला अर्धाच दाखवावा. वर्गात उभी राहिलेली ती मुलगी दिसली की चित्र थांबवावे आणि तिच्याऐवजी उत्तर आपण द्यावे, सरळ, शास्त्रीय शब्दांत, हसू थांबेपर्यंत न थांबता. शाळा सोडलेल्या स्त्रीचे बोलणे आले की पुन्हा थांबवावे. तेथे फळ्यावर आपल्या शाळेचा आराखडा काढावा आणि वर्गाच्या दारापासून पाणी, आतली कडी आणि झाकणाची टोपली या तिन्ही गोष्टी एकत्र असतील अशा जागेपर्यंत किती पावले पडतात ते मोजून आणायला सांगावे. मुलगे आत जाणार नाहीत, पण दारापर्यंतचे अंतर त्यांनाही मोजता येते. जागा शाळेत नसेलच, तर मुली घरी जातात ते अंतर मोजावे. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी तो आकडा मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या टेबलावर असावा. उरलेला पट त्यानंतर दाखवला तरी चालेल.